मॉडच्या अंगठ्याखालची शांतता

मॉड फेअरक्लफ बावीस वर्षं टेलिव्हिजनच्या स्टुडिओत एक बटण हातात धरून उभी राहिली. नट वाक्य विसरला की ते दाबायचं आणि वाक्य हळूच सांगायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत स्टुडिओतला आवाज घरोघरी जात नसे. प्रेक्षकांना वाटे, यंत्रच क्षणभर अडखळलं. १९५४ साली सगळं थेटच चाले. रविवारी नाटक व्हायचं आणि गुरुवारी तेच नाटक पुन्हा, तसंच उभं राहून करायचं.

त्या मार्चमधलं नाटक चंद्रावरून परतलेल्या एका माणसाचं होतं. तो काचेआड बसलेला, आता माणूस न राहिलेला. सरस आणि भुसा थापलेल्या रबरी पोशाखात ते काम करणारा टेड गफ नावाचा नट घामाघूम व्हायचा. त्याला एकही वाक्य नव्हतं. नाटकातल्या त्या माणसाला चंद्रावर पाठवणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचं काम लायनेल प्रॉबर्ट करत. त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं. निर्माता गारसाइडने त्यांना बजावलं होतं, "दोन्ही दिवस न अडखळता पार पाडा, शरदातल्या सहा भागांच्या मालिकेत प्राध्यापक तुम्हीच. नाहीतर माझा नाइलाज आहे."

रविवारी, काचेआडच्या त्या जिवाला मारायला विषारी वायू सोडण्याआधी, प्रॉबर्ट काचेसमोर थांबले. तालमीत ते तिथे कधीच थांबले नव्हते. मॉड नोकरीत नवी होती. ती मनात सेकंद मोजू लागली. चार, पाच, सहा... तिने बटण दाबलं आणि कुजबुजली, "थंडी." त्याच क्षणी प्रॉबर्टनी काचेवर तळवा ठेवून विचारलं, "तुला थंडी वाजते का रे?"

स्टुडिओतले सगळे गलबलले. घरी बसलेल्यांना फक्त हलणारे ओठ दिसले.

नंतर कँटीनमध्ये ती त्यांच्या टेबलापाशी रडकुंडीला येऊन उभी राहिली. "मिस्टर प्रॉबर्ट, मला वाटलं तुम्ही विसरलात."

"अगं पोरी, मी काठावर निवांत बसलो होतो आणि बुडतोय समजून तू दोर फेकलास," ते म्हणाले आणि तिच्या बशीतला बन उचलून खाऊ लागले. "हा दंड समज. गुरुवारी अंगठा खिशात ठेव. मी थांबणार आहे, चांगला थांबणार आहे."

"आणि खरंच विसरलात तर?"

"त्या वाक्यावर? छे!"

गुरुवारी ते काचेसमोर आले. मॉड मनात मोजत होती. सात झाले, नऊ झाले. मग त्यांची नजर काचेवरून निसटून किंचित तिच्याकडे वळली. ते खरंच विसरलेत, हे तिला कळलं. अजूनही ती हेच सांगते, की कळलं होतं. पण रविवारचा अंगठा आठवला आणि तो हललाच नाही. चौदाव्या सेकंदाला काचेआडून, रबराच्या आतून टेडचा घुसमटलेला आवाज आला, "मला थंडी वाजतेय, सर."

नाटक संपताच गारसाइड वरच्या नियंत्रण-खोलीतून धडधडत खाली आला. "ज्याला जीभच नाही तो बोलतोय! वा! उद्या टेबल-खुर्च्याही बोलतील. मिस फेअरक्लफ, बटण का नाही दाबलंत?"

"मला वाटलं, ते मुद्दाम थांबलेत."

"मुद्दाम! रविवारी एकदा, आज पुन्हा. म्हातारा संपलाय."

'रविवारची चूक माझी होती,' एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिच्या नोकरीचा दुसराच महिना होता आणि गारसाइडचा चेहरा लालबुंद झाला होता. ती वायर गुंडाळत राहिली.

प्रॉबर्ट कोट चढवून निघाले तेव्हा ती दाराशी गेली. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

"तू मी सांगितलं तसंच केलंस. उगाच तोंड पाडू नकोस. शिवाय रविवारचं तू गारसाइडला सांगितलंच असशील. एका चुकीवरून कोणी कोणाला काढत नाही गं."

मॉडने मान हलवली. हो म्हणून.

शरदातली मालिका गाजली. प्राध्यापकाचं काम दुसऱ्या, पन्नाशीतल्या नटाने केलं. तो चोख होता. सहाही भाग मॉड बटण धरून उभी होती. एकदाही ते दाबावं लागलं नाही.