तेलाचं भोक

तंत्रनिकेतनात नाव माझं लागलं, पण तिथं खरे शिकायला गेले ते माझे मामा. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आता जिकडेतिकडे कारखाने निघणार, धरणं होणार, शेताशेतातून विजेचे खांब धावणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. स्वतः चौथी पास, नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पण मोताळ्याच्या बाजारात वांगी घ्यायला गेले तरी दिसेल त्या पोराचा पंजा धरून उलटसुलट पाहायचे. बोटं जाड असली की मेकॅनिकल, बारीक असली की इलेक्ट्रिकल, आणि पाय चिखलानं भरलेले असले की सिव्हिल. पोराच्या बापानं वकिलीचं नाव काढलं तर त्याची धडगत नसे. "वकिलाले माणसं भांडाची वाट पाहा लागते बाप्पा," मामा म्हणायचे, "मशीन आपल्या मनानं बिघडते."

माझी बोटं जाड निघाली, म्हणून मी मेकॅनिकलला. दर शनिवारी वसतिगृहातून मी त्यांच्याकडे यायचो. ताटातलं पिठलं निवून जायचं, मामी कपाळाला हात लावायची, पण आठवड्यात काय काय शिकवलं ते सांगितल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. सोमवारी तेच सगळं मामा जिनिंगमध्ये जाऊन शिकवायचे. "आमच्या कॉलेजात सध्या लेथ चालू हाय," असं ते इतक्या सहज सांगत, की एका नव्या मुकादमानं त्यांना खरोखरच विचारलं, परीक्षा कधी आहे म्हणून.

दसऱ्याच्या सुटीत मी शीट घेऊन त्यांच्याकडे आलो. बेअरिंगचं ड्रॉइंग, समोरून, वरून आणि बाजूनं. तीन आठवडे मान मोडून काढलेलं. सुटी संपताच ते द्यायचं होतं, नाहीतर टर्म मिळणार नव्हती, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. खंडेनवमीला सकाळी मी आंघोळ करून आलो, तर देवापुढं मामांचे पाने, हातोडे, माझा कंपास, टी-स्क्वेअर असं सगळं मांडलेलं. आणि त्यांच्याखाली पाटावर माझी शीट, तिच्यावर हळद-कुंकवाची ओली पाच बोटं, अक्षता आणि झेंडूचं फूल. मामा डोळे मिटून हात जोडून उभे.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काय कळतं यातलं?" मी ओरडलो. त्या घरात मामांशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी फूल उचललं, ते कुठं ठेवावं ते त्यांना कळेना, आणि शेवटी त्यांनी ते खिशात टाकलं.

सुटी संपली त्या सकाळी ते माझ्यासोबत पहिल्या एसटीत बसले आणि थेट आमच्या ड्रॉइंगच्या सरांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, गलती माही हाय, पोट्ट्याची टर्म नका कापू. आम्ही हत्यारं पूजतो. मंग हत्यार ज्याच्यावर चालते, त्याले काऊन सोडा, म्हणून बोटं लावली."

सरांनी शीट टेबलावर उलगडली, कुंकवाची बोटं पाहिली. मग म्हणाले, "हीच समोर ठेवून संध्याकाळी पाचपर्यंत नवी काढून द्या. मामा, तुम्ही पेन्सिलींना टोक करा."

मामांना स्वर्ग दोन बोटं उरला. दिवसभर ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, पेन्सिलींची टोकं सुईसारखी केली आणि एकेक रेघ पाहिली. "हे वरून पाह्यलेलं, अन् हे बाजूनं? म्हणजे वस्तू एकच?" कोपऱ्यातली चौकट कशाची, तेही विचारून झालं. मी म्हटलं, "इथं काढणाऱ्याचं नाव, इथं तपासणाऱ्याची सही."

तीनच्या सुमारास ते एकदम म्हणाले, "तेल कुठून टाकशीन बे? भोकच नाही. जळून जाईन ते."

मी पुस्तक उघडलं. आकृतीत तेलाचं भोक होतं, मीच विसरलो होतो. कुंकवाच्या शीटवरही नव्हतं. पाचला पाच मिनिटं कमी असताना नवी शीट सरांच्या टेबलावर गेली, भोकासकट. टर्म मिळाली. "जुनी आता रद्दीच ना?" म्हणत मामांनी ती गुंडाळून काखेत मारली. मला त्या दिवशी त्यांची माफी मागायची होती, पण आनंदाच्या भरात मी कँटीनकडे पळालो.

पुढं मी नोकरीनिमित्त लांब गेलो. मामा गेले तेव्हा नांदुऱ्याला पोचायला मला उशीरच झाला. मामीनं देव्हाऱ्यामागून ती शीट काढून दिली. दर खंडेनवमीला तिची पूजा होत होती, पण त्या पहिल्या पाच बोटांनंतरचं कुंकू फक्त कडेला, रेघांपासून लांब. बेअरिंगच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक वाकडंतिकडं भोक काढलेलं होतं. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत, माझ्या नावाखाली, तपासणाऱ्याच्या जागी मामांनी चौथीतल्या मोठाल्या अक्षरात आपली सही केली होती.