पुनवेची भरती आणि मारुतीचे रोडगे

यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आमच्या अल्लीपूरच्या शेतातल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलले होते, पण खरं सांगायचं तर बोलताना माझा पुरता विश्वास नव्हता. डॉक्टरांवरही नव्हता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसे हात जोडले होते. हे बरे होऊन घरी आले तरी माझी धाकधूक गेली नाही. हे पायऱ्या चढले की माझा जीव टांगणीला, आणि जरा गप्प बसले तरी टांगणीला. देवानं दिलेलं देव कधीही परत मागेल, या भीतीनं मी त्याचे आभारसुद्धा मोकळ्या मनानं मानले नव्हते.

जड काम करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यावर भाजीपाल्याची शेती मुलानं हाती घेतली. ज्या टेम्पोतून आम्ही इतकी वर्षं वांगी-टमाटी वर्ध्याच्या बाजारात नेली, तो मात्र यांनी विकू दिला नाही. जवळच्या जाम गावातल्या एका गॅरेजवाल्याकडून त्याला खिडक्या पाडून घेतल्या, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि मला म्हणाले, "लय भाजी फिरवली, आता तुले फिरवतो." गाव हसलं. पहिली फेरी चिखलदऱ्याची झाली. त्या वळणांवर मी डोळे मिटून बसले होते आणि हे मजेत गाणी म्हणत होते. तेवढ्यानं यांची हिंमत वाढली आणि पुढची फेरी थेट कोकणाची ठरली.

निघालो तेव्हा हनुमान जयंती जवळ आली होती. नवस आधीच फार रखडला होता, तेव्हा घर असो की समुद्र, या जयंतीला रोडगे करायचेच म्हणून मी गोवऱ्यांचं पोतंच गाडीत टाकलं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांत, भाजायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर आधी मारुतीला, मग सगळ्यांना वाढायचे, ही आमच्याकडची रीत. समुद्र पाहायला शेणाच्या गोवऱ्या नेणारी तूच पहिली, म्हणून हे वाटभर मला चिडवत होते. सह्याद्रीचा घाट उतरताना खालची दरी पाहून मात्र चिडवणं बंद झालं आणि दोघंही नामस्मरणाला लागलो.

जयंतीच्या दिवशी पहाटेच आम्ही काळ्या खडकांच्या मधल्या एका लहानशा किनाऱ्यावर पोचलो. पाणी खूप दूर होतं आणि वाळू चांगली घट्ट होती. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रातच रोडग्यांच्या पंगती बसतात, गाड्याही तिथंच लावतात. यांनी तशीच गाडी खाली वाळूत नेली. मी हटकलं तर म्हणाले, "अवं, नदीत नाई का लावत आपण? काऊन घाबरून राह्यली?" चैत्राची पौर्णिमा होती. पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं हे आम्हा वर्ध्याकडच्यांना कुठून ठाऊक असणार? आमच्या नद्या काही तिथी पाळत नाहीत.

गोवऱ्या पेटल्या, धूर झाला, रोडगे आरात गेले. मी वांगी चिरत बसले होते. मान वर केली तर एक लाट गाडीच्या मागच्या चाकाला शिवून गेली. यांनी धावत जाऊन गाडी सुरू केली, पण चाकं जागच्या जागी फिरून खाली रुतली. हे जेवढा जोर लावत तेवढी गाडी खोल जाई. मग उतरून यांनी फावडं घेतलं आणि ओली वाळू उपसायला लागले. चेहरा घामानं डबडबला होता, एक हात छातीवर गेला. मी ओरडले, "टाका ते फावडं! गाडी गेली त गेली. मले तुमी पाह्यजे, गाडी नाई." यांनी ऐकलं नाही. पुन्हा गाडीत बसले आणि म्हणाले, "मी हिले सोडून नाई येत."

पाणी दाराच्या पायरीपर्यंत आलं. मी ओढून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी तशीच पाण्यात बसले. आजवर मी देवाकडे मागतच आले होते. त्या वेळी मागायलाही त्राण उरलं नव्हतं. "मारुतीबाप्पा, माह्यानं आता होत नाई. हा माणूस तुहाच आहे, तूच पाह्य," एवढंच म्हणाले.

आणि झाडांमागून माणसं आली. बायका, बाप्ये, बरीच होती, खांद्यावर जाड दोर होता. ती त्या गावची कोळी मंडळी. एरवी या वेळी जाळी घेऊन पांगलेली असतात, पण त्या दिवशी झाडीपलीकडच्या मारुतीच्या देवळात जन्मोत्सवाला सगळी एकत्र जमली होती. आमच्या गोवऱ्यांचा धूर बघून कुणीतरी पाहायला आलं आणि त्यानं बाकीच्यांना हाक मारली. दोर बांधता बांधता एक बाई मला म्हणाली, "भिया नको, काकी." एक वयस्क गृहस्थ यांच्या खिडकीशी गेले. "आता जोर काढू नका. गाडी न्यूट्रल करा आणि आमच्यावर सोडा."

यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. माझ्या आयुष्यात मी यांना इतक्या निमूटपणे कुणाचं ऐकताना पाहिलेलं नाही. सगळ्यांनी एका सुरात आरोळी देत दोर ओढला, आणि आमचं घर पाण्यातून हळूहळू कोरड्या वाळूवर आलं. रोडग्यांचा आर तोवर समुद्रात गेला होता. मी हळहळले, तर ती बाई हसून म्हणाली, "देवान आपल्या हातान घेतलो नैवेद्य." मग त्यांनी आम्हाला देवळात नेऊन बसवलं आणि सुंठवडा दिला. मारुतीसमोर मी खूप रडले. हे माझा हात धरून बसले होते, आणि तो हात ऊबदार होता.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू द्या, मला वाद घालायचा नाही. त्यांच्या दोरावर भार टाकल्याशिवाय गाडी निघाली नसती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून हे झोपले की मी जागी राहून यांच्या छातीकडे बघत असे, ती खालीवर होते ना म्हणून. त्या दुपारी झाडाखाली गाडी लावून आम्ही दोघं पलंगावर आडवे झालो. हे काहीतरी सांगत होते. ते पुरतं ऐकायच्या आत मलाच झोप लागली.