मॅडम येईपर्यंत

सांगलीतल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी पहिलंच वाक्य असं बोललो, की अजून आठवलं तर कान गरम होतात. टेबलामागं एक बाई काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मी विचारलं, "मालिश करणाऱ्या बाई कधी येतात?"

बाईंनी वर बघितलं, पेनाचं टोक भिंतीकडं केलं आणि परत लिहायला लागल्या. भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र होतं. राज्याच्या परिषदेकडची नोंदणी, तिचा क्रमांक, ती कधीपर्यंत चालेल ती तारीख, आणि कोपऱ्यात याच बाईंचा फोटो. मी ते सगळं शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचून काढलं आणि म्हणालो, "म्हणजे तुम्हीच होय."

"मी मालिश करत नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट कोण आहे?"

पेशंट माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला माणूस. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी उसाला पाणी पाजताना बांधावरून घसरले आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळई बसवली आणि मी त्यांना सांगलीला माझ्या घरी आणलं. आण्णांचं मागणं एकच होतं. काठी चालेल, पण संडासला जायला कुणाच्या खांद्यावर हात ठेवणार नाही. व्यायाम नीट झाले तर ते जमेल, नाहीतर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मॅडम रोज घरी यायला लागल्या. सोबत एक मुलगी असायची, पाटणकडची. तिचं कॉलेज संपलं होतं, इंटर्नशिप चालू होती. मॅडम दाखवायच्या, मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत आण्णांचा पाय धरायची, आणि शेवटी मॅडम तिच्या वहीत सही करायच्या. मला त्याचं हसू यायचं. मी कुपवाडला एका कारखान्यात फोरमन आहे. आमच्याकडंही लेथवर नवीन काम चढवलं की पहिला नग फोरमननं मोजून कागदावर सही केल्याशिवाय पुढचा नग काढायचा नसतो. त्या सह्या मी चहाच्या वेळी, एकदम, गठ्ठ्यानं करतो. तेव्हा सही म्हणजे काय असते हे मला कुणी सांगायची गरज नाही, असं मी समजत होतो.

मॅडमनी बजावलं होतं, सांगितलेल्या व्यायामापलीकडं मनानं काही करू नका. मी केलं नाही. फक्त रोज सकाळी तेल कोमट करून आण्णांच्या पोटऱ्या रगडत होतो. तेल लावणं हा काही व्यायाम नव्हे. आण्णांनी त्यांच्या वडिलांचे पाय चेपले, मी आण्णांचे चेपतोय. आमच्याकडं पोरगा कसा निघाला ते यावरूनच ठरतं. दुसऱ्या आठवड्यात डावी पोटरी ताठ लागायला लागली, तसा मी जोर वाढवला.

त्या दिवशी मुलगी एकटीच स्कूटरवर आली. मॅडम दवाखान्यात अडकल्या होत्या. ती खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. माझी शिफ्टची वेळ होत आली होती. मी तिला म्हटलं, रोजचंच तर आहे, तुला सगळं येतं, कर सुरू.

"मॅडम आल्याशिवाय मला हात लावता येत नाही, काका," ती म्हणाली. "माझी नोंदणी अजून व्हायचीय."

मी म्हणालो, इथं कोण बघायला आलंय? त्यावर खाटेवरून आण्णाच बोलले. "गप बस रं. मी एकदा आमच्याच सायबाला गेटवर उभा केलता. वळख पटंपतुर आत सोडला न्हाई. पोरगी ड्यूटीवर हाय."

मुलीनं आण्णांना विचारून नुसती चादर बाजूला केली. एक पाय बघितला, दुसरा बघितला, परत पहिला बघितला. मग बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. मला ऐकू आलं ते एवढंच, की डावी पोटरी सुजल्यासारखी वाटतेय आणि मी काही सुरू केलेलं नाही.

पंधरा मिनिटांत मॅडम आल्या. त्यांनी हाताची मागची बाजू आधी उजव्या पोटरीला लावली, मग डाव्या, मग परत उजव्या. मी पंचवीस वर्षं मायक्रोमीटरनं लोखंड मोजत आलोय, पण कुणाला एवढं लक्ष देऊन काही मोजताना बघितलं नव्हतं. मग टेप लावला. डावी पोटरी तीन सेंटिमीटर जास्त भरली.

"हा पाय कुणी चोळलाय का?" त्यांनी विचारलं.

माझी बायको माझ्याकडं बघायचं टाळून तेलाच्या वाटीकडं बघत राहिली. मी हात वर केला.

मॅडम रागावल्या नाहीत. आता चोळायचं नाही आणि चालवायचं नाही, म्हणाल्या. काय झालंय ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते डॉक्टर ठरवतील, ते माझं काम नाही. पण आत्ताच्या आत्ता न्यायचं." सर्जनना फोनही त्यांनीच लावला. मुलगी तिच्या रेषेपाशी थांबली होती, मॅडम त्यांच्या. दोघींनी कुठंही आव आणला नाही, आणि तरी आण्णा एका हातातून दुसऱ्या हातात कुठं न सांडता पोचले.

सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता तर हातात काही राहिलं नसतं. रगडून तो सुटतो का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं, सुटू शकतो. मी दोन्ही हात मागं घेतले. तळव्यांना अजून तेलाचा वास होता.

औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मॅडम परत यायला लागल्या. आणि एका सकाळी आण्णा वॉकर घेऊन खाटेपासून संडासच्या दारापर्यंत एकटे गेले. अकरा पावलं. मुलगी हातभर अंतरावरून चालत होती, मॅडम तिच्यामागं. कुणीच त्यांना धरलं नाही, पण चार हात तयार होते. आण्णा परत येऊन खाटेवर टेकले, त्यांचा श्वास बसला, तेव्हा कुठं मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. सहीला एवढा वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच दिवशी कारखान्यात मी पहिला नग स्वतः हातात घेऊन मोजला. लेथवरचा गडी माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "सायेब, तब्येत बरी हाय न्हवं?"

संध्याकाळी घरी आलो तर बायको मान धरून बसली होती. मी तेल कोमट केलं आणि वाटी घेऊन तिच्यामागं उभा राहिलो. तिनं मागं न बघताच वाटी काढून घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या मॅडमना दाखवते. तुमची नोंदणी अजून व्हायचीय."