चिठ्ठीच्या मागे दहा खुणा

या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझी कानशिलं तापतात.

मी तेव्हा कागल तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत असताना एमआयडीसीतला एक कामगार पन्नाशीच्या बायकोला घेऊन आला. "सायेब, धा दिवस सुया घेतल्या आन् हिचं कानच गेलं." ती नुसती त्याच्या ओठांकडे बघत होती.

ताप आणि खोकल्यासाठी गावातल्या 'डॉक्टर'नं तिला रोज अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं होतं. सहाव्या दिवशी कानात भोंगा वाजायला लागला. तिनं ते सांगितलं, तरी सुई थांबली नाही. दहाव्या दिवशी ऐकू येणं बंद झालं, लघवीही कमी झाली.

आरोग्य अधिकाऱ्यांना सोबत घेऊन आम्ही छापा घातला. इसमाकडे पदवी नव्हती. पूर्वी तो कंपाउंडर होता. कचऱ्यात त्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, त्यांचा पंचनामा केला. ठाण्याबाहेर गावातली वजनदार मंडळी जमली. "देवमाणूस हाय, सायेब. हाकेला धावून येतोय." मी त्यांना हाकललं.

वैद्यकीय अहवाल स्पष्ट होता. हे औषध कानाच्या नसेला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतं. लघवी वाढवणारी काही औषधं चालू असतील तर धोका आणखी वाढतो. या बाईला हृदयाच्या डॉक्टरांनी पायांच्या सुजेसाठी नेमकी तशीच गोळी दिलेली होती.

"मला काय ठावं? ती काय बोललीच न्हाय," आरोपी म्हणाला. दोन दिवस तेच पालुपद.

मग मी महिला शिपायाला तिच्या घरी पाठवून सगळे कागद मागवले. त्यात हृदयाच्या डॉक्टरांची त्या गोळीची चिठ्ठी होती. उलटून पाहिली, तर मागे आरोपीच्या अक्षरात इंजेक्शनचं नाव आणि त्याखाली दहा दिवसांच्या दहा खुणा.

चिठ्ठी समोर ठेवली. तो खुणांकडे बघत म्हणाला, "सायेब, पुढची बाजू कोण वाचतंय?"

माझा हात उठला होता. तसाच खाली घेतला आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. मारलं असतं, तर त्याच्या वकिलाचं काम मीच सोपं केलं असतं.

त्याला शिक्षा झाली. बाईची मूत्रपिंडं सावरली, कान नाही सावरले. लोक गोड बोलण्यालाच पदवी समजतात, आणि गुन्हेगार नेहमी सुरा घेऊनच येतो असं आम्ही पोलीस समजतो. दोन्ही चुका या प्रकरणानं मला दाखवल्या.

तपासात तिचा पुरवणी जबाब घेताना हवालदारानं सवयीनं शेवटी लिहिलं, 'जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' मी ती ओळ खोडायला लावली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं बोट ठेवत सगळा वाचला. मग इतक्या मोठ्यानं बोलली की अख्खं ठाणं वळून बघायला लागलं.

"गोळी चालू हाय म्हणून मी त्येला सांगितलं हुतं की! त्ये लिवलंय न्हवं?"

मी जबाबातल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं.