बोळातली वाजणारी फरशी

मी बसवलेल्या घंटेने पहिल्याच दिवशी जो माणूस पकडला, तो मी. दुपारचा दुकानातून जेवायला येत होतो, डोक्यात भलतंच काही, आणि वाडीच्या बोळातल्या त्या फरशीवर स्वतःच पाय दिला. वर आमच्या खोलीत घंटा खणखणली. मी दारात पोचलो तेव्हा पाटापुढे ताट होतं, ताटात अर्धी पोळी होती आणि मेहुणा नव्हता. मागच्या लोखंडी जिन्याने तो आमटीच्या हातानेच पळाला होता.

"पोलिसांनासुद्धा एवढी नेमकी वेळ साधली नसती," बायको म्हणाली.

परवा मुलगा सांगत होता, वाटेवरून चालणारा माणूस आपोआप ओळखणारी यंत्रं परदेशात निघाली आहेत. मी नुसतं हं म्हटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत गिरगावात आमचं तसं यंत्र होतं, असं सांगितलं असतं तर तो हसला असता. तेव्हाही सगळे हसलेच होते.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. चळवळीत पुढे असायचा, म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं होतं. तुरुंगाची त्याला भीती नव्हती. पण त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, बाळंतपणासाठी आमच्याकडे होती, दिवस भरत आले होते, आणि बाळाचं तोंड पाहिल्याशिवाय आत जायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. दुपारी तिला भेटायला आणि दोन घास खायला तो मागच्या जिन्याने येई.

पोलीस आले तर पुढच्या बोळातूनच येणार. मी विजेच्या सामानाच्या दुकानात कारकून. बिलं फाडता फाडता माल बघितलेला, तेवढ्यावर स्वतःला इंजिनियर समजायचो. जिन्याजवळची एक डुगडुगती फरशी उचलली, खाली पितळेच्या दोन पट्ट्या ठेवल्या. वर पाय पडला की त्या एकमेकींना टेकायच्या. तिथून नळाच्या पाइपामागून तार वर आणली आणि बॅटरीला, घंटेला जोडली. शेजाऱ्यांना सांगितलं, दुकानाचा प्रयोग आहे.

मांजराने ती वाजत नसे, एवढं एक बरं. बाकी सगळ्यांनी वाजे. कल्हईवाला, बोहारीण, नळावर निघालेल्या बायका. शाळेतून सुटलेली पोरं तर तिच्यावर मुद्दाम नाचत. आणि प्रत्येक घंटेला मेहुणा ताटावरून उठे.

"जावईबापू," एकदा तो वैतागून म्हणाला, "मी आपला हजर होतो कसा. तिकडे निदान जेवण एका बैठकीत होईल."

आम्ही हसलो. वहिनी हसली नाही.

मग एके दिवशी घंटा वाजेचना. तार तुटली म्हणून मी घाबरून खाली गेलो आणि फरशीवर उभा राहिलो. वरून बायको ओरडली, "कळलं! उतरा आता!" तेव्हा गॅलरीत येऊन नुसता बघत राहिलो. तळमजल्यावरच्या मावशी हंडा घेऊन आल्या, फरशीपाशी लुगडं जरा उचललं आणि पाय पलीकडे टाकला. पोरं उडी मारून गेली. बोहारीणसुद्धा बोचकं सावरत लांब ढांग टाकून गेली.

"मावशी, असं का हो?" मी वरून विचारलं.

"अरे, तो बिचारा जेवत असतो ना वर! तुझा प्रयोग काय पळून चाललाय?"

म्हणजे गुपित फक्त माझ्या समजुतीत होतं. पण यंत्राला आपोआप अक्कल आली होती. वाडीतला माणूस ते वाजवणार नाही. वाजलं तर येणारा परका. मी खूश झालो. तेवढ्यात तळमजल्यावर राहणारे पोलीस हवालदार ड्युटीवर निघाले. त्यांनीही शांतपणे ढांग टाकली. म्हणजे पोलिसातल्या माणसालाही ठाऊक होतं.

चारपाच दिवसांनी, भर दुपारी, घंटा वाजली आणि थांबेचना. मेहुणा मागच्या जिन्याने गेला. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी एक साहेब आणि दोन अनोळखी शिपाई खोळंबले होते. त्यांच्यापुढे आमचे हवालदार फरशीवर पाय घट्ट रोवून वाकले होते. "साहेब, एक मिनिट, चपलेचा पट्टा तुटला."

मी तार ओढून काढली. साहेब वर आले तेव्हा मेहुण्याच्या ताटावर माझी बायको जेवत बसली होती.

"घंटा कसली वाजत होती?"

"दुकानाचा प्रयोग," मी म्हणालो. ते वाक्य एव्हाना पाठ होतं.

त्याच आठवड्यात वहिनीला मुलगी झाली. मेहुण्याने तिला मांडीवर घेतलं, पुष्कळ वेळ बघितलं आणि मग स्वतःच चौकीवर जाऊन बसला. मी बर्फीचा पुडा घेऊन हवालदारांकडे निघालो, तर बायकोने जिन्यातच अडवलं.

"बर्फी द्या, पण आभार मानू नका. त्यांना अजून नोकरी करायचीय. आणि तुम्ही एकदा बोलायला लागलात की चपलेच्या पट्ट्यापर्यंत येताच. द्या इकडे, मीच जाते."