परदेशी नातेवाईक : निरंक

कुणाच्या घरचं कोण परदेशात आहे, हे विचारत दहा वर्षं गावोगाव हिंडलं की किस्से आपोआप साठतात. मी पोलिसांच्या गोपनीय शाखेत हवालदार. गावातलं पोरगं केंद्राच्या संरक्षण खात्यात निवडलं गेलं, की त्याची पडताळणी माझ्याकडे! जायचं साध्या कपड्यांत. फॉर्ममध्ये परदेशी नातेवाइकांचा एक रकाना असतो. तोच फॉर्म दरवर्षी आम्हा शाखेतल्यांनाही भरावा लागतो.

*

शिरड शहापूरला एका आजोबांना विचारलं, "परदेशात कुणी नातेवाईक?"

"हाय ना! थोरला पुण्याला हाय."

"आजोबा, पुणं काय परदेश आहे?"

"दोन सालं झाली, घरला आला न्हाई. मंग तुमीच सांगा!"

मी गुपचूप 'निरंक' लिहिलं.

*

कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्याच्या पोराची आत्या दुबईत.

बाप चिडला, "तिचं नाव काहून लिहून राहिले? पाच सालापासून बोलनं बंद हाय!"

मी नावापुढं 'संपर्क नाही' असं लिहिलं. पोराला क्लिअरन्स मिळाला. ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी बापानं ढाब्यावरूनच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, "ताई, आता मिटवू भांडन!"

*

पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

औंढ्याजवळच्या एका गावात कोंडिबा मेंढ्या राखतो. त्याची लेक वैशाली घरातली पहिली शिकलेली. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तिची निवड झाली. मी गावच्या हॉटेलात चहा घेतला आणि तिची चौकशी सुरू केली.

आता पन्नाशीचा अनोळखी माणूस पोरीची चौकशी करतोय, म्हणजे सोयरीकच! हॉटेलशेजारच्या गयाबाई लगबगीनं पुढं आल्या.

"लई मोठं घर हाय! पोरीचा मामा अमेरिकेत!"

हॉटेलवाला कशाला मागं राहतोय? "अन् मावशी लंडनला!"

नियमानं उमेदवाराच्या घरी जाऊन विचारायचं असतं. कोंडिबाचं घर शेतात, दोन किलोमीटरवर. ऊन मरणाचं. मी बाकड्यावर बसूनच अहवाल लिहिला.

वैशालीनं फॉर्ममध्ये 'निरंक' लिहिलं होतं. वरून शेरा आला, 'माहिती लपवली'. नेमणूक थांबली.

*

कोंडिबा गयाबाईंना घेऊन ठाण्यात आला. त्या रडतच बोलल्या, "साहेब, मी खोटं बोलले. चांगलं स्थळ आलं वाटलं. लेकराचं भलं व्हावं म्हनून बोलले!"

बोलल्या त्या, पण लिहिलं मी होतं. दुरुस्तीचा अहवाल पाठवतो म्हणालो. रुजू व्हायची तारीख निघून गेली होती, जागा राहील याची खात्री नव्हती, तेही सांगितलं. मान वर करवत नव्हती.

कोंडिबा टेबलाच्या काचेखालचा फोटो बघत होता. "हे बर्फात कोन उभं हाय?"

"माझा मुलगा. जर्मनीला असतो." येईल त्याला मी हे कौतुकानं सांगतो, तसंच तोंडून गेलं.

कोंडिबा शांतपणे म्हणाला, "मंग साहेब, तुमची नोकरी काहून न्हाई अडली?"

माझा यंदाचा फॉर्म तिथंच टेबलावर होता. 'परदेशी नातेवाईक : निरंक', खाली माझी सही.

कोंडिबाला वाचता येत नाही. तरी मी तो फॉर्म पालथा घातला.