होमकुंडाआधीचा फोन

गावच्या शाळेत त्याचा फोटो लावायचं ठरलं आणि फोटोखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारापूरच्या आमच्या वाड्यावर अशी कामं माझ्याकडेच येतात. मी लिहिलं: 'शांतिसेनेत सेवा बजावताना परदेशात अपघात, तत्क्षणी मरण.' गावात सगळे असंच सांगतात, कारण त्यांना तसं मीच सांगितलं. त्यातलं 'तत्क्षणी' खोटं आहे.

तो माझ्या चुलतभावाचा मुलगा. पहाटे खाणीच्या तांबड्या रस्त्यावर धावायचा आणि गुडघ्यापर्यंत लाल होऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. पाववाल्या पदेराकडून घेतलेले उंडे पाव भाजीची वाट न बघता कोरडेच खायचा. माझी बायको म्हणायची, "तुका सैन्यात घेतलो तर सरकार बुडतला." घेतलं. पुढे त्याच्या पलटणीला आफ्रिकेत पाठवलं. तिथून त्याने निळ्या टोपीतला फोटो धाडला. त्याची आई तो शेजारणींना दाखवायची, "बघ गे, थंय जावन केळी राखता." हसायची, पण तिचं जेवणावरचं मन उडालं होतं. तेव्हा भावाला मी म्हटलं, "देवी लईराईक बोल. होमकुंडातून चल. पोर सुखरूप येतलो." तो तसा नवस बोलला.

हे व्रत करणाऱ्यांना आमच्याकडे धोंड म्हणतात. जत्रेआधी काही दिवस ते घर सोडून एकत्र राहतात, स्वतः रांधतात, कोणाला शिवत नाहीत. जत्रेच्या रात्री वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. मधेच उठून घरी आलं की व्रत मोडलं. माझा एक पाय अधू, त्यामुळे मी त्यात नव्हतो. भावाने आपला मोबाईल माझ्याकडे ठेवला आणि तो देवीच्या गावी, शिरगावला गेला. जत्रेच्या दिवशी त्याची बायकोही गेली.

त्याच दुपारी तो मोबाईल वाजला. कोणीतरी हिंदीत सांगितलं: गाडी उलटलीय, पोटाला मार आहे, शुद्धीवर आहे, ऑपरेशनला नेण्याआधी वडिलांशी बोलायचं म्हणतोय. मग पोर स्वतः बोललं. आवाज बारीक झाला होता.

"काका, बाबांक दी."

"बाबा शिरगावाक. होमकुंडाक बसलो आसा, तुझ्याखातीर."

"आई?"

"ती पण थंयच."

"मगे फोन घेवन जा मरे थंय. हे थोडे थांबतत म्हणतत."

मी स्कूटर काढली. शिरगावला पोचेपर्यंत मी फोन देणारच होतो, एवढं आज शपथेवर सांगू शकतो.

भाऊ इतर धोंडांबरोबर बसून वेताला लोकरीचे गोंडे बांधत होता. गळ्यात मोगऱ्याचा हार. मला लंगडत येताना बघून तो लांबूनच ओरडला, "काय रे लंगड्या, निखाऱ्यार तू पण चलतलंस?" सगळे हसले. मग त्याने विचारलं, "पोराचो फोन इलो?"

पोराचा परत आलेला फोन माझ्या खिशात थरथरत होता.

"नाय," मी म्हटलं. "थंय रेंज नसतली."

का म्हटलं? ऐकल्यावर तो उठला असता. व्रत मोडलं असतं. व्रत तर पोराच्या जिवासाठीच होतं, आणि आत्ता, नेमकं आत्ताच, त्याची गरज होती. असं मला खरंच वाटलं. बोलणं काय, उद्या होईल. आणखी एक गोष्ट वाटली, ती आजवर मी स्वतःशीही धड बोललो नाही. व्रत मोडून पोर गेलं असतं तर फोन घेऊन येणाऱ्याला, म्हणजे मला, गावाने बोल लावला असता.

खिशातला फोन थांबला. भाऊ त्या रात्री निखाऱ्यांवरून चालला. पोर ऑपरेशनमधून उठलं नाही.

सकाळी मरणाचा फोन आला, तेवढाच मी सांगितला. दुपारच्या फोनच्या खुणा मोबाईलमधून पुसून टाकल्या. शवपेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याशीही घरचा शिकलेला माणूस म्हणून मीच बोललो. "तो तत्क्षणी गेला, वेदना झाल्या नाहीत," असं भावाला सांगितलं. त्या वाक्यावर तो इतकी वर्षं जगला. त्याची बायको तर ते वाक्य घेऊनच वारली.

शाळेचा कागद तसाच ठेवून मी भावाकडे गेलो. तो खळ्यात सुपारी सोलत होता. मी सगळं सांगितलं. खिशातल्या थरथरीसकट. त्याचे हात बराच वेळ चालूच होते, मग थांबले.

"काय बोललो तो? परत सांग."

मी सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाला, "वच तू आता."

मी निघून आलो. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात आला आणि पायरीवर बसला. आता रोज येतो. माझ्या घरचं पाणी घेत नाही. शिवी देत नाही. "सांग," एवढंच म्हणतो. मी तो फोन पहिल्या शब्दापासून सांगतो, तो ऐकतो आणि उठून जातो.

परवा त्याची मान इतकी खाली गेली होती की मला राहवलं नाही. शेवटी मी जोडलं, "आणि तो म्हणालो, बाबांक सांग, काळजी करू नकात."

त्याने मान वर केली. "ह्या काल नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"मगे नीट सांग."

ते वाक्य काढून मी परत पहिल्यापासून सांगितलं.